सोळा अँपिअरची पिन आणि एका दिव्याची वायर : अडॅप्टरचा इतिहास, जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानात पिन, सॉकेट आणि अडॅप्टर कुठून आले? इतिहास म्हटलं की जव्हारमध्ये मुकणे घराणं, जयविलास राजवाडा, १६६४ साली सुरतेच्या वाटेवर महाराज थांबले ते शिरपामाळ, हे सगळं आठवतं, आणि ते आठवायलाच हवं. पण घरातल्या लाकडी बोर्डावरच्या तीन भोकांनाही इतिहास आहे. तो माहीत नसल्यामुळे माणसं दगावतात. आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं जातात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अलीकडच्या वर्षांच्या अहवालांत दिसतं. त्यातला मोठा भाग घरातल्या, शेतातल्या, मांडवातल्या साध्या जोडण्यांचा असतो.

जव्हार-मोखाड्यात हा विषय आत्ता घ्यायचं कारण असं. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, फ्रिज, एसी, न्हाणीघर, सगळं. दाभोसा धबधबा, सनसेट पॉइंट, खोडाळा, सूर्यमाळ ही ठिकाणं पाहायला लोक गाड्या घेऊन येतात, तंबू ठोकतात, आणि आता अशी घरंही आणू लागतील. संध्याकाळी गाडी पाड्याजवळ थांबते. पाहुणे विचारतात, "दादा, जरा लाईट मिळेल का? आमच्याकडे वायर आहे, अडॅप्टरपण आहे." आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही. मग वायर खिडकीतून आत येते.

माझं आजचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पिनेचा आकार म्हणजे मागच्या वायरीने दिलेला शब्द असतो. मोठी पिन म्हणते, माझ्यामागे जाड तांबं आहे. तिसरी पिन म्हणते, माझ्यामागे जमीन आहे. अडॅप्टर आकार बदलतो, मागची वायर मात्र होती तशीच राहते. ही गोष्ट कशी घडत गेली ते पाहू, म्हणजे खिडकीतून वायर आत घेताना नेमकं काय विचारायचं ते कळेल.

सुरुवात सॉकेट नसतानाच्या काळापासून करू. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ साली विजेचे दिवे लागले. खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज जाऊ लागली. त्या काळात वीज म्हणजे दिवा. घरात वायर यायची ती दिव्यासाठी, आणि तिच्या टोकाला असायचा होल्डर. नंतर इस्त्री आली, पंखा आला, रेडिओ आला. ते जोडायचे कुठे? बल्ब काढायचा आणि त्या होल्डरमध्येच पिन बसवायची! अमेरिकेत हार्वे हबेल या माणसाने १९०४ साली ज्या प्लगचं पेटंट घेतलं, त्याचा मागचा भाग बल्बच्या होल्डरमध्ये फिरवून बसायचा आणि पुढचा भाग हवा तेव्हा काढता यायचा. म्हणजे बघा, प्लगचा जन्मच अडॅप्टर म्हणून झाला.

आपल्याकडे इंग्रजी पद्धतीचा, दाबून फिरवायचा होल्डर आला. त्यात बसणारा 'होल्डर प्लग' आजही बाजारात मिळतो. एका बाजूने बल्बसारखा, दुसऱ्या बाजूने दोन भोकं. याच्यात फेज आहे, न्यूट्रल आहे, पण अर्थिंग नाही, कारण बल्बला अर्थिंग लागतच नव्हतं. ही उणीव पुढची शंभर वर्षं आपल्याबरोबर चालत आली.

आता तिसऱ्या पिनेकडे येऊ. इस्त्री, शेगडी अशा धातूच्या वस्तू वापरात आल्या आणि नवा धोका कळला. आतली वायर सुटून धातूला टेकली की सगळी वस्तूच जिवंत होते. माणूस हात लावतो, पाय जमिनीवर असतात, आणि करंटला वाट मिळते. उपाय असा निघाला की धातूच्या अंगाला आधीच जमिनीशी जोडून ठेवायचं. बिघाड झाला की करंट त्या वाटेने जोरात वाहील, फ्यूज उडेल, माणूस वाचेल.

१९३४ साली ब्रिटनने बी.एस. ५४६ नावाचं मानक काढलं. गोल पिनांचं. त्यात २, ५, १५ आणि ३० अँपिअर असे आकार होते. आपल्या घरात आज जी छोटी आणि मोठी तीन पिन दिसते ती याच कुटुंबातली. भारतीय मानक आय.एस. १२९३ मध्ये ५ चे ६ झाले आणि १५ चे १६ झाले, पण वायरमन आजही 'पाचची' आणि 'पंधराची' म्हणतात. छोट्या पिनेत फेज आणि न्यूट्रल यांच्यातलं अंतर साधारण १९ मिलिमीटर, मोठीत २५. हा फरक शोभेसाठी केलेला नाही. मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये जाऊच नये म्हणून तो मुद्दाम ठेवला आहे. अनेक शहरांत त्या काळी दिवे-पंख्यांची वायरिंग वेगळी आणि 'पॉवर'ची वेगळी असायची, मीटर वेगळे, दरही वेगळे. मोठं सॉकेट म्हणजे जाड वायरीचं स्वतंत्र सर्किट, असा त्याचा अर्थ होता.

अर्थिंगची पिन पाहिलीत तर ती इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. लांब अशासाठी की प्लग घालताना ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी. म्हणजे फेज पोचण्याआधी जमीन पोचलेली असते. बऱ्याच सॉकेटमध्ये ही पिन आत गेली की आतली झडप सरकते आणि मगच खालची दोन भोकं उघडतात. आपण काय करतो? दोन पिनची वस्तू घालायची असली की वरच्या भोकात पेनाचं टोपण नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर खुपसतो, झडप उघडतो आणि पिन दामटतो. लहान मुलाचं बोट आत जाऊ नये म्हणून केलेली सोय आपण मुलांच्या समोरच मोडून दाखवतो.

इथे इतिहासात एक फाटा फुटतो, आणि तो आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनने घरबांधणीचा विचार करायला समिती नेमली. कॅरोलाइन हॅस्लेट ही अभियंत्यांच्या संघटनेत काम केलेली बाई त्या समितीतली एकमेव स्त्री सदस्य होती आणि घरातल्या, विशेषतः मुलांच्या सुरक्षेवर तिचा भर होता. त्या विचारातून १९४७ साली चौकोनी पिनांचा १३ अँपिअरचा प्लग आला. त्याची खास गोष्ट म्हणजे प्लगच्या पोटातच फ्यूज. दिव्याची बारीक वायर असेल तर प्लगमध्ये ३ अँपिअरचा फ्यूज, हीटर असेल तर १३ चा. प्रत्येक वायरीचा राखणदार तिच्याच टोकाला बसलेला.

आपण त्याच साली स्वतंत्र झालो आणि जुन्या गोल पिनाच पुढे ठेवल्या. घरं, कारखाने, दुकानं त्यांनीच भरलेली होती. पण गोल पिनेत फ्यूज नसतो. आपला राखणदार दूर, मीटरजवळच्या बोर्डावर असतो. पूर्वी तो चिनी मातीच्या 'किटकॅट'मध्ये असायचा, आता एमसीबी. किटकॅटमधली बारीक तार उडाली की पुन्हा पुन्हा कोण बसवणार म्हणून माणसं जाड तार घालायची. फ्यूज उडणं बंद झालं, घरातले खूश! म्हणजे मीटरजवळचा राखणदार झोपवून ठेवलेला, आणि प्लगमध्ये राखणदार कधी नव्हताच. अशा घरात अडॅप्टर आला.

अडॅप्टर चार प्रकारे फसवतो, ते एकेक करून पाहू.

पहिला, मोठ्याचा छोटा. पंधराची पिन पाचच्या सॉकेटमध्ये बसवणारा ठोकळा. ६ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट. १६ म्हणजे ३६८०. या ठोकळ्यातून दोन हजार वॅटचा गीझर लावला तर भिंतीतली दिव्याची वायर ८.७ अँपिअर ओढते. लगेच काही होत नाही, म्हणूनच तो फसवा. वायर तापते, वरचं प्लॅस्टिक महिन्या-महिन्याने कडक होतं, तडकतं.

दुसरा, छोट्याचा मोठा. सोळाच्या सॉकेटमध्ये पाचच्या पिनेची बारीक एक्स्टेंशन वायर. लोकांना वाटतं यात काय धोका, सॉकेट तर मजबूत आहे. पण त्या सॉकेटमागे सोळाचा एमसीबी आहे. बारीक वायरीतून बारा अँपिअर गेले तरी त्याच्या दृष्टीने सगळं ठीक. वायर जळते आणि एमसीबी शांत बसतो.

तिसरा, तीनचा दोन. होल्डर प्लग, दोन पिनचा मल्टिप्लग, किंवा चक्क कापलेली अर्थिंग पिन. वस्तू चालते, म्हणून काही गेलं आहे हे कळतच नाही. जे गेलं ते बिघाडाच्या दिवशीच कळतं.

चौथा, परदेशी पिनेचा. ट्रॅव्हल अडॅप्टर. तो पिन बसवून देतो, व्होल्टेज बदलत नाही. अमेरिकेतून आणलेली १२० व्होल्टची केटल आपल्या २३० ला लावली तर तिच्यात जवळजवळ चौपट उष्णता तयार होते. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, म्हणून तो चालतो. ते न वाचता बाकीच्या वस्तूंना हाच न्याय लावला की नुकसान.

आता चाकांवरच्या घराकडे वळू. आपल्याला हा प्रकार अगदीच नवा नाही. जत्रेत तंबू ठोकणारी टुरिंग टॉकीज, तमाशाचे फड, यांचे ट्रक आपली वीज आपल्याबरोबर घेऊन फिरत. जनरेटर त्यांचा, वायर त्यांची, वायरमनही त्यांचा. गावाकडून फक्त मोकळी जागा लागे. तुमच्या बोहाड्याचं पाहा. मुखवट्यांची सोंगं रात्रभर नाचायची ती मशालीच्या उजेडात, मग गॅसबत्ती आली, मग विजेचे दिवे. दिवाळीनंतर याच भागातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. तिथलं झोपडंही एका अर्थी फिरतं घरच, आणि तिथेही दिवा आणि मोबाइल कुठूनतरी ओढलेल्या वायरीवर चालतो. फरक एवढाच की पर्यटक हौसेने फिरतो आणि हे पोटासाठी. वीज मात्र दोघांत फरक करत नाही.

इथल्या घरांत वीज कशी आली हेही लक्षात घ्यायला हवं. जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं. राज्याचं वीज मंडळ १९६० चं. डोंगरातल्या विखुरलेल्या पाड्यांपर्यंत खांब न्यायला बराच काळ गेला. गरीब घरांसाठी १९८८-८९ मध्ये केंद्राची 'कुटीर ज्योती' योजना आली. त्यात एका घराला एक दिवा, 'सिंगल पॉइंट' जोडणी. पुढे २००५ ची राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना, २०१७ ची 'सौभाग्य'. या योजनांनी अंधार घालवला, हे मोठं काम आहे. पण ज्या घरात वीज 'एक दिवा' म्हणून आली, तिथे पुढचं सगळं त्याच एका दिव्यातून निघालं. होल्डर प्लगवर टीव्ही, टीव्हीच्या मल्टिप्लगवर चार्जर, तिथूनच अंगणात एक्स्टेंशन. पलीकडे समुद्रकाठी तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते, आणि जिल्ह्याच्या या डोंगरात तिसऱ्या पिनेमागे पुष्कळदा काहीच नसतं.

आता हिशोब करा. ६० वॅटचा एक बल्ब ओढतो पाव अँपिअरच्या आसपास. कॅरॅव्हॅनचा एसी समजा १२०० वॅट, पाणी तापवायला २००० वॅट, मिळून ३२००, म्हणजे जवळजवळ १४ अँपिअर. करंट पन्नासपटीहून जास्त. आणि वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे अडीच हजारपटीच्याही वर. एखादा जोड ढिला असेल, नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला, त्याचा रोध ०.१ ओहम धरा. बल्ब चालू असताना तिथे काहीच जाणवत नाही. १४ अँपिअरला तिथे २० वॅट उष्णता तयार होते, हरभऱ्याएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग द्यायची इस्त्री २५ वॅटची असते! म्हणजे छपराखालच्या वाशावर, पेंढ्याजवळ, आपण तशी एक इस्त्री रात्रभर चालू ठेवली असं समजा. पाहुणे गाडीत गार झोपलेले असतात. जळतं ते यजमानाचं घर.

बाहेरच्या देशांत हे कसं हाताळतात? अमेरिकेत अशा गाड्यांना ३० अँपिअरची किंवा ५० अँपिअरची जोडणी लागते. आपली कितीतरी मराठी कुटुंबं तिकडे सुट्टीत अशी गाडी भाड्याने घेतात. त्यांना गाडीबरोबर एक आखूड अडॅप्टर मिळतो. दोन्ही टोकं जाड, मधे वायर, म्हणून त्याला 'डॉगबोन', कुत्र्याचं हाड म्हणतात. त्याने ३० ची गाडी घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावता येते. मग तिथे चालतं ते इथे का नाही? कारण तिथे त्या छोट्या सॉकेटमागे १५ चा ब्रेकर जागा असतो. एसी आणि ओव्हन एकदम लावला की तो पडतो. अडॅप्टरची चूक राखणदार झाकतो. तरी तिथेही अपघात होतात. ३० अँपिअरचं गाडीचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं, पण ते कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या २४० व्होल्टच्या सॉकेटसारखं दिसतं. वायरमन गोंधळून २४० व्होल्ट देतो आणि गाडीतली उपकरणं एका क्षणात जातात.

युरोपात कॅरॅव्हॅनच्या तळावर निळ्या रंगाचं, झाकणाचं, गोल सॉकेट असतं. निळा रंग म्हणजे २३० व्होल्टचा पट्टा, पिवळा ११० चा, लाल ४०० चा. पिना अशा बसवलेल्या की चुकीच्या व्होल्टेजला प्लग जातच नाही. आपल्याकडे जनरेटरवाले आणि मांडववाले हाच प्रकार 'इंडस्ट्रियल सॉकेट' म्हणून वापरतात, तो बाजारात मिळतो. तिथल्या नियमानुसार प्रत्येक गाडीच्या सॉकेटला स्वतंत्र ब्रेकर आणि स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचं गळती-रक्षक यंत्र लागतं. एका गाडीचा बिघाड दुसरीला अंधारात टाकत नाही आणि कोणाचा जीवही घेत नाही.

या ३० मिलिअँपिअरच्या यंत्राविषयी थोडं थांबून सांगतो. आपण त्याला ईएलसीबी म्हणतो, आता मिळतं ते आरसीसीबी. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डालझील यांनी माणसाच्या शरीराला किती करंट घातक ठरतो याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९६१ च्या सुमारास अगदी थोडी गळती ओळखून वीज तोडणारं यंत्र तयार केलं. कल्पना सोपी आहे. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. कमी आला तर तो कुठेतरी गळतोय, कदाचित माणसातून. मग डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज बंद. आपल्याकडच्या नियमांतही हे यंत्र आलं, पण लहान घरगुती जोडण्यांना त्यातून बराच काळ सूट होती, म्हणजे जिथे त्याची सगळ्यांत जास्त गरज होती तिथेच.

आणि इथल्या जमिनीत त्याची गरज आणखी जास्त आहे. जव्हार-मोखाडा म्हणजे काळा कातळ आणि वर मातीचा पातळ थर. पावसाळ्यात चिंब, आणि उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यालाही टँकर. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओतायचं असतं, ते एप्रिल-मेमध्ये कोण ओतणार? समजा खड्ड्याचा रोध ५० ओहम आहे. गाडीत फेज अंगाला लागला. करंट किती वाहील? २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. सोळाचा एमसीबी पडणार नाही, सहाचाही नाही. गाडीची बॉडी जिवंतच राहील, अर्थिंग असूनसुद्धा! पण ४.६ अँपिअर म्हणजे ४६०० मिलिअँपिअर. ३० वर पडणारं यंत्र तत्काळ पडेल. कातळावर अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी लागते, एकट्याने भागत नाही.

अर्थिंगच नसेल तर काय होतं तेही ऐका. गाडी रबराच्या टायरवर उभी आहे. बॉडीत फेज आला तरी करंटला खाली जायला वाट नाही. आत बसलेल्यालाही काही कळत नाही. सकाळी घरातली बाई चहा घेऊन येते, पाय दवाने ओल्या गवतात, आणि हात दाराच्या कडीला. वाट तिच्यातून पूर्ण होते.

काही वायरमन अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रलची वायर अर्थिंगच्या भोकाला जोडून देतात. टेस्ट केलं तर सगळं बरोबर दिसतं. पण खांबावरून येणारा न्यूट्रल वाऱ्या-पावसात तुटला की घरातला फेज उपकरणांतून फिरून थेट वस्तूच्या अंगावर येतो. ब्रिटनमध्ये वीज कंपन्या घरांना न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र असलेली जोडणी देतात, तरीही कॅरॅव्हॅनला तसं अर्थिंग द्यायला २००२ च्या नियमांनी मनाई आहे, नेमकी याच कारणासाठी.

आणखी एक वायर आहे जिच्याविषयी बोलल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर. पावसात लाईट जाते. गाडीवाल्याकडे जनरेटर असतो. तो म्हणतो, "काका, तुम्हालापण देतो." आणि ती वायर जनरेटरमधून घरातल्या सॉकेटमध्ये घालतो. घर उजळतं. पण मेन स्विच बंद केलेला नसेल तर ती वीज उलटी सर्व्हिस वायरने खांबावर जाते, तिथून डीपीत. डीपी ११ हजार व्होल्टचे २३० करतो, तसाच उलटा २३० चे ११ हजार करतो. लाईन बंद आहे असं समजून लाईनमन खांबावर चढलेला असतो, आणि तो बहुधा तुमच्याच गावातला कोणीतरी असतो. ही वायर कोणाच्याही गाडीत दिसली तर ती वापरू देऊ नका, आणि वीज द्यायला नकार देण्यात कमीपणा मानू नका.

मग करायचं काय? धोरणात कॅरॅव्हॅनच्या तळाला पाणी, रस्ता, वीज हव्यात असं म्हटलेलं आहे. ज्यांना पर्यटकांना जागा द्यायची आहे त्यांनी दिव्याच्या वायरीतून वीज देऊ नये. महावितरणकडून त्या भाराची वेगळी जोडणी घ्यावी, मीटरपासून जाड केबल, बाहेर झाकणाचं सॉकेट, त्याच्यामागे १६ चा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि स्वतःचा अर्थिंगचा खड्डा. हे होईपर्यंत पाहुण्याला स्पष्ट सांगावं, मोबाइल आणि दिवा चालेल, एसी आणि गीझर नाही. पाहुण्यांनीही अडॅप्टर पुढे करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. या सॉकेटमागे कितीची वायर आणि कितीचा एमसीबी आहे? अर्थिंग कधी तपासलं? उत्तर मिळालं नाही तर गाडीच्या बॅटरीवर रात्र काढावी. आणि केबल वापरलीच तर पूर्ण उलगडून. ३० मीटरची १ चौरस मिलिमीटरची वायर १४ अँपिअरला २०० वॅटच्या आसपास तापते. पसरलेली असेल तर ती उष्णता हवेत जाते. रिळावर गुंडाळलेली असेल तर आतल्या आत वितळते.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : मोबाइलच्या चार्जरला दोनच पिना असतात. मग तो धोकादायक का नाही?

उत्तर : चांगला प्रश्न आहे. त्याचं बाहेरचं अंग प्लॅस्टिकचं आणि आत दुहेरी आवरण. त्यावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असते. ती खूण असेल तर अर्थिंगची गरज नाही. धातूच्या अंगाची वस्तू, म्हणजे इस्त्री, गीझर, फ्रिज आणि हो, आख्खी कॅरॅव्हॅन, यांना ही सूट नाही.

प्रश्न : टेस्टर अर्थिंगच्या भोकात लावला आणि पेटला नाही, म्हणजे अर्थिंग आहे असं समजायचं का?

उत्तर : नाही. भोकामागे वायरच नसेल तरी टेस्टर पेटणार नाही. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो, त्याने वायर जोडलेली आहे की नाही ते कळतं. पण न्यूट्रलच अर्थिंगला जोडला असेल तरी तो 'बरोबर' दाखवतो, आणि खड्डा कोरडा झाला आहे हेही सांगत नाही. त्यासाठी परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून मोजून घ्यायचं, आणि मोजायचं ते उन्हाळ्यात. पावसाळ्यात सगळीच अर्थिंग चांगली दिसतात.

प्रश्न : आमच्याकडे होम-स्टे आहे. सगळं एकदम करायला पैसे नाहीत. आधी काय करू?

उत्तर : ताई, आधी मीटरजवळ आरसीसीबी बसवून घ्या, आणि किटकॅटमध्ये जाड तार असेल तर ती काढून योग्य एमसीबी. दुसरं, अर्थिंगचा खड्डा. जमलं तर न्हाणीघराच्या किंवा मोरीच्या पाण्याच्या वाटेजवळ घ्या, म्हणजे उन्हाळ्यातही ओल राहील. तिसरं, पाहुण्यांसाठीचं सॉकेट वेगळ्या वायरीवर. आणि आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर लाईट गेली की यंत्र ठीक. नाही गेली तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा, आणि तो येईपर्यंत पाहुण्यांच्या गाडीला वीज देऊ नका.